झॉर्कमध्ये अडकल्यावर मदत कशी मागायची आणि किती घ्यायची

फळ्या ठोकून बंद केलेलं पांढरं घर, समोर छोटी टपालपेटी आणि खाली लुकलुकणारा कर्सर. झॉर्कचा पहिला भाग एवढ्यावर सुरू होतो. चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही इंग्रजीत आज्ञा टाइप करायची, खेळ इंग्रजीत उत्तर देतो आणि त्या उत्तरांतून घराखालचं अख्खं भुयारी राज्य हळूहळू डोळ्यांसमोर उभं राहतं. टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या पीडीपी-१० संगणकावर हा खेळ लिहायला घेतला. घरगुती संगणकांत तो अख्खा मावेना, म्हणून इन्फोकॉम कंपनीने त्याचे तीन भाग केले. पहिला भाग १९८० मध्ये आला. त्यात १९ खजिने शोधून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचे असतात आणि एकूण गुण ३५० असतात.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा १०० गुणांच्या आसपास अडकलो. दोन आठवडे तिथल्या तिथे फिरत होतो. शेवटी कंटाळून संपूर्ण उत्तरं असलेला वॉकथ्रू उघडला आणि समोर दिसेल ती आज्ञा टाइप करत एका संध्याकाळी खेळ संपवला. ३५० गुण मिळाले, पण त्यांतलं माझं फारसं काही नव्हतं. तो पहिला अनुभव परत मिळत नाही आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. मदत जरूर घ्या. फक्त कशाची, केव्हा आणि किती घ्यायची हे आधी ठरवा.

पुढे काही कोड्यांची उत्तरं अर्धवट फुटतात. जिथे फुटतात तिथे आधी सांगितलं आहे.

जवळ काय हवं

- झेड-मशीनचे खेळ, म्हणजे इन्फोकॉमच्या पद्धतीचे खेळ, चालवणारा प्रोग्रॅम. फ्रॉट्झ किंवा गारगॉयल चालेल.
- चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. नकाशा शाईने काढू नका, पहिल्या तासातच पस्तावाल.
- साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश. संपूर्ण परिच्छेद यंत्राकडून भाषांतरित करून घेऊ नका. कारण पाचव्या पायरीत येईल.
- सेव्ह फाइलींची यादी. नाव देताना गुण आणि जागा लिहा, उदाहरणार्थ '११०-धरण'. 'सेव्ह१', 'सेव्ह२' अशा नावांचा आठवड्याने काही बोध होत नाही.
- 'स्क्रिप्ट' ही आज्ञा. ती दिली की तुमचं आणि खेळाचं सगळं संभाषण फाइलीत उतरतं. मदत मागताना हाच तुमचा पुरावा.

आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत, मी इथे देवनागरीत लिहितो आहे. एक दिलासा म्हणजे झॉर्क प्रत्येक शब्दाची पहिली सहाच अक्षरं तपासतो. लांब शब्दाच्या शेपटीचं स्पेलिंग चुकलं तरी अडत नाही.

## १. आधी ठरवा, अडकलात म्हणजे नेमकं काय झालंय

अडकण्याचे प्रकार चार आहेत. एखादी जागा पाहायची राहिली आहे. एखादी वस्तू नीट तपासलेली नाही. करायचं काय ते कळलंय, पण खेळाला समजेल असा शब्द सापडत नाही. किंवा मागे कुठेतरी काहीतरी बिघडवून ठेवलंय आणि आता हा डाव पूर्ण होणारच नाही.

चारांवरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्याला विचारायची वेळ बहुतेकदा तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातच येते. पहिल्या दोन प्रकारांत कोणी उत्तर सांगितलं, तर फिरण्या-पाहण्यातली जी मजा आहे तीच तुमच्या हातून जाते.

आणखी एक लक्षात ठेवा: जिथे अडकलात तिथेच उत्तर असेल असं नाही. (इथे होडीचं उत्तर फुटतं.) धरणाच्या पायथ्याशी प्लास्टिकची घडी केलेली होडी मिळते. ती फुगवायची कशी या विचारात लोक तिथेच ठाण मांडून बसतात. फुगवायचा पंप आहे जलाशयाच्या पलीकडच्या काठावर, आणि तिथे जायची सरळ वाट जलाशयातलं पाणी उतरल्यावरच खुली होते. म्हणजे होडीचं कोडं वाटतं ते मुळात धरणाचं कोडं आहे.

## २. खेळाचं उत्तर शब्दशः वाचा

ही पायरी सगळे वगळतात आणि अर्ध्याहून अधिक मदत इथेच दडलेली असते.

'हा शब्द मला माहीत नाही' असं उत्तर आलं, तर तो शब्द खेळाच्या शब्दकोशातच नाही. त्या वस्तूच्या किंवा क्रियेच्या मागे लागू नका. 'ती वस्तू इथे दिसत नाही' असं आलं, तर मात्र कान टवकारा. याचा अर्थ ती वस्तू खेळात आहे, फक्त या खोलीत नाही. 'तू हा शब्द मला न कळणाऱ्या रीतीने वापरलास' या उत्तराचा अर्थ शब्द बरोबर आहे, वाक्य बदला. 'कशाने?' असा उलट प्रश्न आला, तर क्रिया अगदी बरोबर आहे आणि आता हत्यार किंवा साधन शोधायचं आहे. हे शेवटचं उत्तर म्हणजे खेळाने स्वतःहून दिलेली हिंट समजा.

नकाराच्या शब्दांतही माहिती असते. झाडावरच्या घरट्यात रत्नजडित अंडं मिळतं. ते हाताने उघडायला गेलात तर तुमच्याकडे त्यासाठीची हत्यारंही नाहीत आणि कौशल्यही नाही, असं उत्तर येतं. हे वाक्य दोनदा वाचा. कौशल्य तुमच्याकडे नाही, म्हणजे ते दुसऱ्या कोणाकडे तरी आहे.

'व्हर्बोस' ही आज्ञा सुरुवातीलाच द्या. नाहीतर पाहिलेल्या खोलीत परत आलात की खेळ फक्त नाव सांगतो आणि वर्णनात काय बदललं हे कळत नाही.

## ३. नकाशा पूर्ण करा

प्रत्येक खोलीसाठी एक चौकट काढा आणि तिला दहा वाटा असू शकतात हे गृहीत धरा: आठ दिशा, वर आणि खाली. तपासलेल्या वाटेवर खूण करा. उत्तरेला गेलात म्हणून दक्षिणेने परत याल असं नाही. जंगलात तर नाहीच.

सगळ्या वाटा सारख्याच दिसतात तो भुलभुलैया भल्याभल्यांना रडवतो. जुना उपाय असा, की प्रत्येक खोलीत एक वेगळी वस्तू टाकत जायचं, म्हणजे खोल्या ओळखू येतात. इथे सापळा आहे तो चोराचा. तो भुयारभर हिंडत असतो आणि तुमच्या खुणा उचलून नेतो. ही सुंदर वस्तू इथे काय करतेय, असं नवल करणारा आवाज दुरून ऐकू आला की समजा, तुमची एक खूण गेली. त्यामुळे भुलभुलैयात शिरण्याआधी सेव्ह करा, एका दमात नकाशा काढा, मग सेव्ह परत आणा आणि कागदावरच्या नकाशाने निवांत चाला. कंदिलाची बॅटरी मर्यादित आहे, तीही यात वाचते. उजेड असेल तिथे कंदील बंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

## ४. डाव आधीच बिघडलाय का ते तपासा

आजचे खेळ खेळाडूला सांभाळून घेतात. झॉर्क घेत नाही. तुम्ही शंभर चालींपूर्वी केलेली चूक तो मुकाट्याने होऊ देतो आणि पुढे चालत राहतो. म्हणून दुसऱ्याला विचारण्याआधी या गोष्टी पाहा. (इथे अंड्याचं उत्तर फुटतं.)

अंडं. ते हत्याराने उघडता येतं, पण मोडतं आणि आतला सोन्याचा पक्षीही मोडतो. झाडावरून खाली टाकलं तरी तेच. मी ते स्क्रूड्रायव्हरने उघडलं होतं. कोडं सुटलं म्हणून आनंद झाला आणि पुढे कित्येक दिवस काही गुण कमी का पडतात ते कळेना. ते सफाईने उघडू शकणारा माणूस म्हणजे चोर. त्याला अंडं मिळू द्यायचं, त्याच्या अड्ड्यात ते पोचू द्यायचं, आणि मग त्याच्याशी लढायचं. चोराला आधीच मारलंत, तर ते धडपणे उघडणारं कोणी उरत नाही. आणि तो फार भारी पडत असेल तर निराश होऊ नका. तुमची लढण्याची ताकद गुणांवर वाढते, जरा खजिने जमवून परत या.

लसूण आणि जेवण. भूक लागली म्हणून खाल्लंत का? दोन्ही पुढे लागू शकतात.

काडेपेटी आणि मेणबत्त्या. काड्या मोजक्या आहेत, मेणबत्त्या जळून संपतात. विनाकारण पेटवू नका.

होडी. टोकदार वस्तू घेऊन चढलात तर ती फाटते. हा मात्र दुरुस्त होणारा बिघाड आहे, धरणाच्या देखभाल खोलीतली ट्यूब आठवा.

चोरीला गेलेले खजिने गेलेले नसतात. ते चोराच्या अड्ड्यात जमा होतात, त्यामुळे त्यासाठी डाव सोडू नका.

बिघाड सापडला तर जुन्या सेव्हवर जा. म्हणूनच एकाच फाइलीवर सेव्ह करत राहणं हा सगळ्यांत महागात पडणारा आळस आहे.

## ५. गोष्टच माहीत नाही म्हणून अडकलात तर

मराठी वाचकासाठी ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झॉर्क लिहिला अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या मुलांनी, स्वतःसारख्या मुलांसाठी. काही कोडी त्यांच्या लहानपणच्या गोष्टींवर उभी आहेत. 'तिळा तिळा दार उघड' ऐकत वाढलेल्या मुलाला बंद गुहेसमोर काहीतरी बोलून पाहावंसं वाटेल. ती गोष्ट न ऐकलेला दाराला धक्के मारत बसेल. त्यात बुद्धीचा दोष नाही. तेव्हा अशा कोड्यांची पार्श्वभूमी विचारून घेण्यात काहीही कमीपणा मानू नका. मी फक्त गोष्टी सांगतो, आज्ञा तुम्ही शोधा.

वटवाघूळ: रक्तपिपासू पिशाच्च वटवाघळाचं रूप घेतं आणि लसणीला घाबरतं, असा युरोपातला समज आहे.

इंद्रधनुष्य: आयर्लंडच्या लोककथांत इंद्रधनुष्याच्या टोकाशी सोन्याने भरलेला हंडा असतो. झॉर्कमध्ये धबधब्यावर इंद्रधनुष्य दिसतं.

घंटा, ग्रंथ आणि मेणबत्ती: जुन्या चर्चमध्ये एखाद्याला धर्मातून बहिष्कृत करण्याचा विधी या तीन वस्तूंनी होई. इंग्रजीत या तिघांची नावं ठरलेल्या क्रमाने एकत्रच घेतली जातात. पाताळाच्या दाराशी भुतं वाट अडवतात तिथे हा क्रम आठवा.

एकाक्ष राक्षस: होमरच्या 'ओडिसी'त सायक्लॉप्स नावाचा एक डोळ्याचा राक्षस आहे. एक धूर्त राजा त्याचा डोळा फोडून त्याच्या गुहेतून निसटतो. झॉर्कमधला राक्षस या राजाच्या नुसत्या नावाला घाबरतो. आणि गंमत अशी, की ते नाव खेळातच लपवलेलं आहे. देवळातल्या काळ्या ग्रंथातल्या शापवाणीच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत जा. भाषांतर करून वाचू नका असं वर म्हटलं ते यासाठीच. मराठीत आणलेल्या मजकुरात शाप राहतो, पण ती अक्षरं हरवतात.

## ६. प्रश्न असा विचारा

एवढं करूनही गाडी पुढे सरकत नसेल, तर खेळलेल्या माणसाला विचारा. मित्र असो की अनोळखी जाणकार, 'होडीचं काय करू?' असा प्रश्न विचारलात तर समोरचा थेट उत्तर सांगून मोकळा होईल. चूक त्याची नाही, त्याला दुसरं काही सांगायला तुम्ही जागाच ठेवलेली नसते.

प्रश्नात पाच गोष्टी हव्यात: खेळाचा भाग आणि आवृत्ती, तुम्ही कुठे आहात, जवळ काय आहे, काय करून पाहिलं आणि खेळाने काय उत्तर दिलं, आणि तुम्हाला कितपत मदत हवी. आवृत्ती 'व्हर्जन' या आज्ञेने कळते. ती सांगणं गरजेचं आहे, कारण एमआयटीच्या मूळ मोठ्या खेळातली कोडी पुढे तीन भागांत विखुरली गेली. मूळ खेळ खेळलेला माणूस तुमच्या भागात नसलेली खोली शोधायला लावू शकतो.

माझा एक प्रश्न नमुना म्हणून देतो:

'झॉर्क १, रिलीज ८८. धरणाच्या पायथ्याशी झडप असलेली प्लास्टिकची घडी मिळाली. होडी असावी. तोंडाने फुगवून पाहिली, तेवढा दम नाही असं उत्तर आलं. हातात कंदील, तलवार, पाना. जलाशयाच्या पलीकडे अजून गेलो नाही. फुगवायचं साधन मी न पाहिलेल्या भागात आहे का, एवढंच हो किंवा नाही सांगा.'

'हो' एवढंच उत्तर आलं आणि ते पुरलं. पुढचं सगळं माझं मी शोधलं.

## ७. हिंट थेंबाथेंबाने घ्या

ही पद्धत इन्फोकॉमच्याच काळातली आहे. कंपनीच्या खेळांची चाचणी करणारे माइक डॉर्नब्रूक सुरुवातीला अडकलेल्या खेळाडूंना पत्रं लिहून हिंट देत. मागणी इतकी वाढली, की १९८२ पासून 'इनव्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिका निघाल्या. त्यांत प्रश्न छापलेला असे आणि उत्तरं अदृश्य शाईत. सोबतच्या खास पेनाने कागद घासला की एकेक ओळ उमटे. पहिली ओळ नुसती दिशा दाखवणारी, शेवटची संपूर्ण उत्तर. एका ओळीत काम झालं तर पुढच्या कोऱ्याच ठेवायच्या. खेळात नसलेल्या गोष्टींबद्दलही मुद्दाम प्रश्न घातलेले असत, म्हणजे नुसते प्रश्न वाचून पुढे काय आहे ते फुटू नये. मदत करणाऱ्याने खेळाडूची इतकी काळजी घेतलेली मी क्वचित पाहिली आहे. या पुस्तिकांचा मजकूर आजही शोधला की मिळतो. तो वाचताना खालच्या ओळींवर कागद धरा.

धरणासाठी मी त्याच धर्तीवर मराठीत लिहून देतो. एक ओळ वाचा, खेळायला जा, गरज पडली तरच परत या.

पहिली: धरणावरचा नियंत्रण-फलक नीट वाचला का? त्यावर दोन गोष्टी आहेत.

दुसरी: बोल्ट नुसत्या हाताने फिरत नाही. साधन लागेल, आणि धरणाची देखभाल करणारे ते जवळच ठेवत असणार.

तिसरी: साधन आहे तरी बोल्ट हलत नाही? मग फलकावरचा हिरवा बुडबुडा पाहा. तो उजळलेला आहे का?

चौथी: देखभाल खोलीत चार रंगांची बटणं आहेत. दाबण्याआधी सेव्ह करा. निळं दाबलंत तर खोलीत पाणी भरू लागेल.

पाचवी: पिवळं बटण दाबा, धरणावर जा, पान्याने बोल्ट फिरवा. पाणी लगेच उतरत नाही, काही चाली वाट पाहा. वाट पाहण्यासाठी 'झेड' हे एक अक्षर पुरतं.

दोन हिंटांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. तिसऱ्या ओळीचं उत्तर मला भांडी घासताना सुचलं होतं.

## ८. वॉकथ्रू आणि सोर्स कोड

वॉकथ्रू उघडावाच लागला तर अडलेल्या खोलीचं नाव शोधून तेवढाच परिच्छेद वाचा, आणि वाचण्याआधी सेव्ह करा. वॉकथ्रूतल्या आज्ञा आंधळेपणाने टाइप करण्यात एक व्यावहारिक धोकाही आहे: लढाई आणि चोराचं हिंडणं दर डावात वेगळं असतं, त्यामुळे त्याच आज्ञांनी तेच घडेल याची खात्री नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या तिन्ही भागांचा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली खुला केला. झिल नावाच्या भाषेतला तो कोड प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांना वाचता येईल इतका सरळ आहे. पण तो खेळ संपल्यावर वाचा. आधी वाचलात तर सगळी कोडी एकाच वेळी फुटतात.

## ९. दुसऱ्या भागात जाण्याआधी

झॉर्कच्या दुसऱ्या भागात चित्रविचित्र कोनांच्या खोल्यांचा एक भुलभुलैया आहे. तिथे वस्तू टाकून किंवा नकाशा काढून काही साधत नाही, आणि आपल्याकडच्या माणसाने त्यावर महिनाभर डोकं फोडू नये म्हणून हे स्पष्ट सांगतो: ते कोडं बेसबॉलचं आहे. अमेरिकन मुलाला तिथे सापडणारी लाकडी गदा पाहून बॅट आठवते, आपल्याला आठवत नाही. बेसबॉलचं मैदान म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन असतो, आणि खेळाडू खालच्या टोकापासून निघून उजवीकडच्या टोकावरून चारही कोपरे ओलांडत मूळ जागी परत येतो. हे एका कागदावर काढा, वर पूर्व दिशा लिहा आणि मग आत शिरा.